इंग्लंडच्या खेड्यात नवे आहात? दवाखाना, गावाचा हॉल आणि पायवाट यांपासून सुरुवात करा

सात वर्षांपूर्वी, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ऑक्सफर्डशरमधल्या एका खेड्यात राहायला आलो. ऑक्सफर्ड शहरातलं घरभाडं झेपत नव्हतं, म्हणून बसने पाऊण तासावरचं गाव निवडलं. साडेचारलाच अंधार व्हायचा आणि आमच्या रस्त्यावर दिवे नव्हते. एक चर्च, एक पब, एक शाळा आणि दिवसभरात घरासमोरून जाणारी दहा-बारा माणसं, एवढंच दिसायचं. साताऱ्यात आमच्या आळीत नवं बिऱ्हाड आलं की संध्याकाळच्या आत कोणीतरी चहाला बोलावून जातं. इथे दोन महिने कोणी दार वाजवलं नाही. मी त्याचा अर्थ ‘आपण यांना नकोय’ असा लावला, आणि तो पूर्ण चुकला. नव्या माणसाला उगाच त्रास नको म्हणून इथे त्याला मोकळं सोडतात. यायचं असेल तर कधी आणि कुठे यायचं, ते गावाच्या फलकावर लिहून ठेवतात. तो फलक मी जानेवारीपर्यंत वाचलाच नव्हता.

ते दोन महिने तुमचे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. नियम इंग्लंडपुरते आहेत. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये बऱ्याच गोष्टी वेगळ्या चालतात.

आधी हे एका फाइलमध्ये ठेवा

- पासपोर्ट आणि ई-व्हिसाचं खातं. जुनी प्लास्टिकची निवास कार्डं २०२४च्या अखेरीस संपली. आता कोणी विचारलं तर ऑनलाइन ‘शेअर कोड’ काढून द्यावा लागतो. तो कसा काढायचा ते घरी एकदा करून बघा.
- पत्त्याचा पुरावा: काउन्सिल टॅक्सचं (इथल्या घरपट्टीचं) बिल किंवा बँकेचं स्टेटमेंट.
- नॅशनल इन्शुरन्स नंबर (नोकरी आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक), मिळालेला असेल तर.
- मागच्या पाच वर्षांतले सगळे पत्ते, तारखांसकट. भारतातलेही. पुढे लागतात, आणि ऐन वेळी पुण्याच्या जुन्या फ्लॅटचा पिनकोड आठवत नाही.
- मुलांच्या लसीकरणाची कार्डं, आणि घरात कोणाला कायमचं औषध चालू असेल तर त्याचं मूळ रासायनिक नाव. भारतातलं ब्रँडचं नाव इथे कोणाला कळत नाही.
- तुम्हाला ओळखणाऱ्या, नात्यात नसलेल्या दोन माणसांची नावं आणि ईमेल.

## १. पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात नाव नोंदवा

इथे फॅमिली डॉक्टरला जीपी म्हणतात आणि त्यांच्या दवाखान्याला ‘सर्जरी’. घरी फोनवर ‘आज सर्जरीला जायचंय’ असं म्हणू नका. माझ्या आईने तेवढ्यावरून रात्र जागून काढली होती.

आजारी पडेपर्यंत थांबू नका. नोंदणी फुकट आहे. एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा; तिच्या नियमाप्रमाणे त्यासाठी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवायची गरज नाही. कागद जवळ असले तर काम लवकर होतं, इतकंच. स्वागतकक्षात कोणी ‘बिल आणल्याशिवाय होणार नाही’ म्हणालं, तर शांतपणे सांगा की एनएचएसच्या संकेतस्थळावर तसं लिहिलेलं नाही, आणि ऑनलाइन अर्ज भरा. मला पहिल्यांदा असंच परत पाठवलं होतं, आणि मी निमूट परत आले. यादी भरलेली असेल किंवा तुमचं घर त्यांच्या हद्दीबाहेर असेल, तर मात्र ते नाही म्हणू शकतात. मग शेजारच्या गावातल्या दवाखान्यात विचारा.

खेड्यातली एक सोय शहरातल्यांना माहीत नसते. सगळ्यात जवळचं औषधांचं दुकान तुमच्या घरापासून १.६ किलोमीटरपेक्षा लांब असेल, तर काही ग्रामीण दवाखाने औषधं स्वतःच देतात. नोंदणी करतानाच विचारून घ्या. डॉक्टरने लिहून दिलेल्या प्रत्येक औषधामागे इंग्लंडमध्ये पैसे पडतात (२०२५ मध्ये ९.९० पौंड). मुलांना, गरोदर बायकांना आणि साठीच्या पुढच्यांना ते माफ आहेत. दर महिन्याला दोन-तीन औषधं लागत असतील तर वर्षाचं आगाऊ प्रमाणपत्र घ्या, खूप स्वस्त पडतं.

प्रत्येक दुखण्यासाठी जीपीच्या फोनच्या रांगेत अडकायचं कारण नाही. घसा, सायनस, मुलांचा कान, चिघळलेला कीटकदंश, नागीण, बायकांचा लघवीचा साधा संसर्ग अशा सात तक्रारींवर जानेवारी २०२४पासून औषधविक्रेताच तपासून औषध देऊ शकतो. रात्री-अपरात्री शंका आली तर १११, जिवावर बेतलं तर ९९९. मन खचलं असेल आणि नुसतं कोणाशी तरी बोलायचं असेल, तर ११६ १२३ हा समॅरिटन्सचा क्रमांक फुकट आणि चोवीस तास चालू असतो.

आपल्या लोकांसाठी तीन गोष्टी मुद्दाम सांगते.

पहिली ‘ड’ जीवनसत्त्वाची. इथल्या हिवाळ्यात ऊन पुरत नाही, म्हणून सगळ्यांनीच शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी असा सरकारी सल्ला आहे. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी ती वर्षभर घेण्याचा विचार करावा, असंही त्यात स्पष्ट म्हटलंय. सुपरमार्केटात मिळते. दुसरी मधुमेहाची. दक्षिण आशियाई माणसाला तो कमी वजनातही गाठतो, म्हणून आपल्यासाठी वजनाची धोक्याची रेषा बीएमआय २३वर धरतात, २५वर नाही. वय ४० ते ७४ असेल तर दर पाच वर्षांनी होणारी मोफत आरोग्य तपासणी मागून घ्या. तिसरी आई-वडिलांची. त्यांना इंग्रजी जमत नसेल तर वेळ घेतानाच मराठी दुभाषा मागा. त्याचे पैसे पडत नाहीत. नातवाला मध्ये बसवून आजीच्या पोटाच्या तक्रारी सांगायला लावू नका.

आई-वडील पर्यटक व्हिसावर आले असतील तर प्रवासविमा घेतल्याशिवाय विमानात बसवू नका. जीपीकडे दाखवणं आणि अपघात विभागातले प्राथमिक उपचार फुकट असतात, पण रुग्णालयात दाखल करावं लागलं तर एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल येतं.

## २. लिंक वर्कर मागा

ही पायरी मला सगळ्यात उशिरा कळली, आणि तिनेच सगळं बदललं.

दुसऱ्या हिवाळ्यात रक्तदाब तपासायला गेले होते. पट्टा गुंडाळताना नर्सने सहज विचारलं, ‘आठवड्यात कोणाकोणाला भेटता?’ मला उत्तर देता येईना. डोळ्यांत पाणी आलं. तिने गोळी लिहिली नाही. मला ‘सोशल प्रिस्क्रायबिंग लिंक वर्कर’कडे पाठवलं. या बाईंनी पाऊण तास माझं ऐकून घेतलं. काय आवडतं, काय करायचात, कुठे अडतंय. पुढच्या गुरुवारी त्या स्वतः माझ्याबरोबर गावातल्या चालण्याच्या गटात आल्या. फक्त पहिल्या दिवशी. दुसऱ्या गुरुवारी मी एकटी गेले.

एकटेपणा, वजन, मधुमेहाची सुरुवात, कर्ज, घरातल्या आजारी माणसाची सेवा करून आलेला थकवा, अशा अडचणींना औषधापेक्षा माणसं आणि काम लागतं. ते जुळवून देणं हेच यांचं काम. २०१९च्या एनएचएस आराखड्यानंतर असे कार्यकर्ते देशभर नेमले गेले. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण सॉमरसेटमधल्या फ्रूम या छोट्या शहरातलं आहे. तिथे २०१३ साली डॉ. हेलन किंग्स्टन यांच्या दवाखान्याने गावातल्या सगळ्या गटांची यादी केली आणि न्हावी, टॅक्सीवाले अशा साध्या माणसांना थोडं शिकवून तयार केलं. गिऱ्हाईक बोलता बोलता ‘नवरा गेल्यापासून घरातच असते’ म्हणालं, तर त्याला कुठे पाठवायचं हे त्या न्हाव्याला माहीत असतं.

स्वागतकक्षात एवढंच म्हणा: ‘मला सोशल प्रिस्क्रायबिंग लिंक वर्करशी बोलायचंय.’ कारण सांगायची सक्ती नाही. काही ठिकाणी डॉक्टर किंवा नर्सनेच पाठवावं लागतं, काही ठिकाणी थेट नाव देता येतं.

त्याच दवाखान्यात रुग्णांचा एक गट असतो. वर्षातून काही वेळा भेटून दवाखान्याचं कुठे चुकतंय ते सांगतो. आमच्या गटात मी आहे. ‘नाव उच्चारता येत नाही म्हणून फलकावर दाखवत जा’ ही माझी सूचना त्यांनी एका महिन्यात अमलात आणली.

## ३. फलक वाचा, आणि ‘पॅरिश’ म्हणजे चर्च समजू नका

बसथांब्याजवळ, हॉलबाहेर किंवा दुकानाच्या खिडकीत काचेच्या दाराचा फलक असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि घरी बसून वाचा. गावाचं मासिक दारात पडतं, तेही टाकू नका. फेसबुकच्या गटावर हरवलेली मांजरं आणि खड्ड्यांवरची भांडणं जास्त असतात. खरी माहिती कागदावर.

फलकावर ‘पॅरिश काउन्सिल’ दिसलं की आपल्याला वाटतं हे चर्चचं काहीतरी आहे. तसं नाही. १८९४च्या कायद्याने चर्च आणि गावचा कारभार वेगळा केला, तेव्हापासून ही आपल्या ग्रामपंचायतीसारखी निवडून आलेली संस्था आहे. इंग्लंडमध्ये अशा साधारण दहा हजार आहेत. खेळाचं मैदान, बाकं, भाजीचे वाफे, काही ठिकाणी स्मशानभूमी तिच्याकडे. आमच्या भागात खड्डे काउंटीकडे (आपल्या जिल्हा परिषदेसारखी), कचरा तिच्याखालच्या डिस्ट्रिक्टकडे. कुठली तक्रार कुठे करायची हे कळत नसेल तर ‘फिक्स माय स्ट्रीट’वर नकाशात खूण करा. तक्रार योग्य कार्यालयात पोहोचते. बंद पडलेल्या पायवाटांचीही.

तुमच्या काउन्सिल टॅक्सच्या बिलात पॅरिशची एक वेगळी ओळ असते. म्हणजे पैसे तुम्ही आधीपासून भरताच आहात. बैठकीची सूचना किमान तीन दिवस आधी लावावी लागते, बैठक सर्वांना खुली असते, आणि बहुतेक गावांत सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं गावकऱ्यांना बोलायला देतात. पहिल्या खेपेस मागे बसून ऐका. शिवाय १ मार्च ते १ जून या काळात गावाची वार्षिक सभा होते, ती थेट आपल्या ग्रामसभेसारखी. गावातले सगळे गट तिथे वर्षभराचा हिशेब सांगतात. एका संध्याकाळीत सगळं गाव कळतं.

आणि मतदार यादीत नाव घाला! बहुतेक मराठी कुटुंबांना हे माहीत नसतं: भारतीय पासपोर्ट असला तरी राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून, इथे राहण्याचा वैध व्हिसा असलेल्या माणसाला पॅरिशपासून संसदेपर्यंत सगळ्या निवडणुकांत मत देता येतं. ऑनलाइन पाच मिनिटांचं काम. मतदानाला भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो. स्वतः उभं राहायचं असेल तर मात्र कायमच्या वास्तव्याची परवानगी लागते.

## ४. हॉलमध्ये एकच वार धरा

गावाचा हॉल म्हणजे आपल्याकडचं समाजमंदिर. देशात असे दहा हजारांच्या वर आहेत, आणि बहुतेक ठिकाणी गावातलीच माणसं विश्वस्त म्हणून बिनपगारी चालवतात. कॉफीची सकाळ, ज्येष्ठांचं जेवण, लहान मुलांचा गट, टेबल टेनिस, विमेन्स इन्स्टिट्यूट या महिला मंडळाची सभा, निवृत्तांसाठी यूथ्रीए नावाचे शिकण्याचे गट. चर्चमध्ये होणाऱ्या कॉफीलाही जा. धर्म कोणी विचारत नाही. मी देव्हाऱ्यासमोर दिवा लावून तिथे जाते, कोणाला काही वाटत नाही.

सगळीकडे थोडं थोडं जाऊ नका. एक वार निवडा आणि सलग सहा आठवडे जा. पहिले तीन आठवडे लोक हवामानावर बोलतील. चौथ्या आठवड्यात तुमची खुर्ची ठरलेली असेल.

दहा वाजता म्हणजे दहाला पाच कमी. सुटी नाणी जवळ ठेवा, चहाच्या बशीत टाकायला. ‘कधीतरी या ना घरी’ हे नुसतं सौजन्य असतं, तारीख ठरली तरच ते बोलावणं. त्यामुळे रागावू नका. तुम्हीच म्हणा, ‘बुधवारी तीनला माझ्याकडे चहा?’ लगेच डायरी काढतात.

आणि कप धुवायला उभ्या राहा. पुरुषांनीही. खुर्चीवर बसून ज्यांच्याशी वर्षभर बोलणं झालं नसतं, त्या बायका ओट्यापाशी टॉवेल हातात घेऊन सगळं सांगतात: कोणाचा नवरा रुग्णालयात आहे, कोणाला आठवड्याला दुकानात न्यावं लागतं, शाळेत कोणत्या बाई चांगल्या आहेत. माझ्या तिन्ही जवळच्या मैत्रिणी मला त्या सिंकपाशी मिळाल्या.

खायला काही नेताना

नक्की न्या, पण चिठ्ठी लावून. इथे १४ पदार्थ ॲलर्जीचे म्हणून कायद्याने ठरवलेले आहेत. कायदा मुख्यतः खाद्यव्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे, तरी हॉलमध्ये सगळे तो जपतात. आपली अडचण अशी की त्या १४ मध्ये शेंगदाणे, तीळ, दूध, सुका मेवा आणि मोहरी, सगळे येतात. साध्या पोह्यांच्या फोडणीत मोहरी आहे. वर दाणे आहेत. आणि बाजारातल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे ग्लुटेन. डबीवरचं बारीक अक्षर वाचा. मी आता हॉलसाठी दाण्यांशिवायचा चिवडा वेगळा करते आणि कागदावर ‘मोहरी आहे, गहू आहे, दाणे नाहीत’ असं ठळक लिहिते. ती चिठ्ठी बघून निर्धास्तपणे खाणारे लोक दुसऱ्यांदा वाढून घेतात.

## ५. पायवाटेवर उतरा

इंग्लंडचं खेडं रस्त्यावरून कळत नाही. शेतांतून, कुरणांतून, कधी कोणाच्या अंगणाला खेटून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा आहेत, आणि त्यांवरून चालणं हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांची वाट. निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकलीही. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० प्रमाणाचा ‘एक्सप्लोरर’ नकाशा घ्या. त्यावर या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. ऑक्सफर्डच्या आसपास राहत असाल तर १८० क्रमांकाचा.

एकट्याने जायला धीर होत नसेल तर ‘रॅम्बलर्स’ संस्थेच्या ‘वेलबीइंग वॉक्स’ शोधा. दहा मिनिटांपासून दीड तासापर्यंतच्या, फुकट, शिकलेला स्वयंसेवक पुढे आणि एक मागे. पहिल्या दिवशी तब्येतीचा छोटा फॉर्म भरायचा. हळू चालणाऱ्याला मागे टाकून कोणी जात नाही. माझा गुरुवारचा गट तोच.

फाटक जसं असेल तसं ठेवा: उघडं तर उघडं, बंद तर बंद. वासरं असलेल्या गाईंपासून लांब राहा, लांबचा वळसा पडला तरी चालेल. कुत्र्याला घेऊन असाल आणि गाई अंगावर आल्या तर साखळी सोडा. कुत्रा निसटतो, माणूस वाचतो. गवतातून आल्यावर घरी गुडघ्यांमागे, काखेत, मुलांच्या केसांच्या कडेला गोचीड बघा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीला टेकून धरा आणि हळू सरळ ओढा. तेल, काडेपेटी असलं काही करू नका. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी गोल पसरणारा लालसर चट्टा उठला तर जीपीला दाखवा. तो लाइम आजार असू शकतो आणि वेळेत प्रतिजैविकं दिली की बरा होतो. सावळ्या कातडीवर चट्टा पटकन दिसत नाही, म्हणून चांगल्या उजेडात बघा.

ऑक्टोबर ते मार्च गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घ्या. धर्मादाय दुकानांत पाच-सहा पौंडांत मिळतात.

## ६. निसर्गाचं काम वर्षाच्या चक्राने धरा

आपल्याकडे झाडं लावायची ती पावसाळ्यात. इथे उलटं. पानं गळल्यावर, नोव्हेंबर ते मार्च, उघड्या मुळांची रोपं लावतात, कारण तेव्हा झाड झोपलेलं असतं. वुडलँड ट्रस्ट शाळांना आणि गावगटांना रोपं फुकट देतो. पहिल्या हिवाळ्यात मी चिखलात उभी राहून हॉथॉर्न या काटेरी झुडपाच्या काड्या रोवल्या. आज ते कुंपण माझ्या छातीपर्यंत आलंय.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याअखेरीस आरएसपीबी या पक्षी जपणाऱ्या संस्थेची पक्षिगणना असते, १९७९पासून. कपभर चहा घेऊन एक तास खिडकीत बसायचं आणि एका वेळी बागेत उतरलेले जास्तीत जास्त पक्षी लिहायचे. नावं येत नसली तरी चालतं, चित्रांचा तक्ता मिळतो. त्या यादीत आपली चिमणीही आहे, अगदी तीच, साताऱ्याच्या वळचणीतली. इथे तिची संख्या इतकी घटली आहे की ती धोक्याच्या लाल यादीत आहे. मी दर वर्षी तिच्यासाठी तो तास राखून ठेवते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये भेकांची राखण. पाऊस पडून गेलेल्या, जरा उबदार रात्री, साधारण पाच अंशांच्या वर, भेक जन्माच्या तळ्याकडे निघतात आणि वाटेत गाड्यांखाली सापडतात. गावातली माणसं चमकती जाकिटं घालून, बॅटरी आणि बादल्या घेऊन त्यांना रस्ता पार करून देतात आणि आकडे ‘फ्रॉगलाइफ’ संस्थेला कळवतात. मुलांना न्या; पण जाकीट, ओले हातमोजे आणि गटाच्या प्रमुखाची परवानगी याशिवाय रस्त्यावर उतरू नका. आणि अंगावर खडबडीत पुटकुळ्या, नराच्या पाठीवर दातेरी तुरा असलेला मोठा काळा न्यूट (पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या जातकुळीचा प्राणी) दिसला तर हात लावू नका. त्या जातीला कायद्याचं संरक्षण आहे आणि हाताळायला परवाना लागतो.

एप्रिलमध्ये आमच्या काउंटीचं फूल उमलतं, स्नेक्स-हेड फ्रिटिलरी: जांभळ्या पाकळीवर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी. ऑक्सफर्डजवळच्या इफ्ली कुरणात वाइल्डलाइफ ट्रस्टचे स्वयंसेवक दर वसंतात एका ओळीत चालत ती मोजतात. १९८३ साली तिथे जेमतेम पाचशे उरली होती. गुरांची चराई आणि गवत कापण्याची वेळ नीट सांभाळली, आणि आता हजारोंनी फुलतात. एकदा तरी बघून या.

मेमध्ये आफ्रिकेतून स्विफ्ट पाकोळ्या येतात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला परत जातात; चर्चच्या मनोऱ्यात त्यांच्या पेट्या बसवणारे गट आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये फुलपाखरं मोजायची, पंधराच मिनिटं. नदीकाठचं गाव असेल तर अर्थवॉचच्या ‘वॉटरब्लिट्झ’मध्ये पाण्यातली नायट्रेट आणि फॉस्फेट तपासायचं छोटं किट घरी येतं.

एक सापळा: कुंपण कापायचा उत्साह मार्च ते ऑगस्ट आवरा. पक्ष्यांची वीण असते, आणि वापरातलं घरटं मोडणं हा १९८१च्या कायद्याने गुन्हा आहे.

भाजीचा वाफा

याला ॲलॉटमेंट म्हणतात. पूर्ण वाफा दहा ‘पोल’चा, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर, आपल्या हिशेबाने अडीच गुंठे. सुरुवातीला अर्धाच मागा. प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून आल्या आल्या पॅरिशच्या कारकुनाकडे नाव द्या. गावात वाफेच नसतील तर सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी मिळून लेखी मागणी केल्यास काउन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते, असं १९०८चा कायदा सांगतो. मेथी एप्रिलपासून छान येते, कोथिंबीर थोडी थोडी दर तीन आठवड्यांनी टाका, नाहीतर जूनमध्ये फुलावर जाते. मिरचीला काचेचं छप्पर हवं. मेच्या मध्यापर्यंत दहिवराची भीती असते. भारतातून बियाणं बॅगेत आणू नका. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ते आणायला बंदी आहे.

## ७. स्वयंसेवक होताना

आधी ई-व्हिसावरच्या अटी वाचा. बहुतेक दीर्घ व्हिसांवर धर्मादाय संस्थेत मदत करता येते, पण ठरलेले तास आणि ठरलेली जबाबदारी असलेलं बिनपगारी ‘काम’ वेगळं मोजलं जातं; विद्यार्थ्यांनी विशेष जपावं. पर्यटक व्हिसावरच्या आई-वडिलांना नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत मदत करता येते. माझ्या वडिलांनी आमच्या वाफ्यांच्या कुंपणाला हात लावण्याआधी मी हे तपासून घेतलं होतं.

मुलं किंवा आजारी, वृद्ध माणसं यांच्याबरोबर काम असेल तर डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची चौकशी, होते. स्वयंसेवकांना ती फुकट असते. कोणी पैसे मागितले तर चौकशी करा. इथेच ते पाच वर्षांचे पत्ते लागतात. लोकांना रुग्णालयात सोडायला गाडी चालवायची असेल तर विमा कंपनीला आधी कळवा, आणि लक्षात ठेवा की भारतीय परवान्यावर इथे राहायला आल्यापासून बाराच महिने चालवता येतं.

पंधरा मिनिटांत एक मोठी गोष्ट शिकता येते. ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचं ‘रिवाइवर’ हे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण मोबाइल आणि उशी घेऊन करता येतं. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब कसा द्यायचा ते त्यात शिकवतात. मग गावातलं डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) कुठे आहे ते बघून या. पुष्कळ गावांत ते जुन्या लाल टेलिफोनच्या खोपटात असतं. पेटीला कुलूप असेल तर ९९९वर कोड सांगतात. खेड्यात रुग्णवाहिकेला वेळ लागतो, म्हणून हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं.

होकार देताना सावकाश. मी एका वर्षी चार समित्यांना हो म्हटलं आणि एप्रिलपर्यंत मुलांच्या अभ्यासाला वेळ उरला नाही. ‘या वर्षी एवढंच जमेल’ असं सरळ सांगितलं तर इथे कोणाला राग येत नाही. हो म्हणून न येणं मात्र लक्षात राहतं.

## ८. स्वतःचं काही सुरू करायचं असेल तर

किमान एक वर्ष दुसऱ्यांच्या गटात काढा. मग छोटं करा. वेस्ट यॉर्कशरमधल्या टॉडमॉर्डनमध्ये २००८ साली काही जणांनी रस्त्याकडेच्या रिकाम्या जागेत, पोलीस ठाण्यासमोरही भाजी लावली, ज्याला हवी त्याने न्यावी म्हणून; आज ‘इन्क्रेडिबल एडिबल’ नावाने ते देशभर आहे. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या गावकऱ्यांनी २००३ मध्ये भागभांडवल उभं करून गावचा पब विकत घेतला. तुमच्याही गावात दुकान किंवा पब बंद पडायला आला असेल, तर २०११च्या कायद्याखाली गावातले २१ मतदार मिळून ती जागा ‘समाजाची मालमत्ता’ म्हणून नोंदवायची मागणी करू शकतात. मग ती विक्रीला निघाली की बोली लावायला गावाला सहा महिने मिळू शकतात.

आमचं मात्र महिन्यातून एकदाचं बियाणं-अदलाबदल आणि वरण-भाताचं जेवण आहे. त्यासाठी लागलं ते एवढंच: दोघांच्या सह्यांचं बँक खातं, सार्वजनिक दायित्वाचा विमा (हॉलच्या विम्यात तुम्ही येता का ते आधी विचारा), एका पानावर धोके आणि उपाय, आणि पॅरिशकडे छोट्या अनुदानाचा अर्ज. वर्षाचं उत्पन्न ५,००० पौंडांच्या आत असेल तर बहुतेक छोट्या गटांना चॅरिटी कमिशनकडे नोंदणी करावी लागत नाही. ऑक्सफर्डशरमध्ये ‘कम्युनिटी फर्स्ट ऑक्सफर्डशर’ अशा गटांना सल्ला देते. बाकीच्या काउंट्यांतही तशा संस्था आहेत.

हॉलचे वर्षाचे वार आमच्याकडे सप्टेंबरच्या आधीच वाटले जातात. म्हणून बुकिंग सांभाळणाऱ्यांना ऑगस्टमध्येच फोन करा, आणि हीटर कुठून लावायचा व किल्ली कोणाकडे द्यायची, हे त्याच फोनवर विचारून घ्या.